दोन गाठींची सुतळी

चंद्राबाईंचा डावा गुडघा दोन वर्षांपासून अडून बसला होता. पंधरा दिवसांतून एकदा कर्जतच्या डॉक्टरकडे जायचं, तर रिक्षात हाडं खिळखिळी व्हायची. म्हणून त्यांचा मुलगा स्वप्नील गाडी घेणार होता. रसायनीच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता, आणि "आईसाठी घेतोय" हे पळसदरीत त्याने इतक्या जणांना सांगितलं होतं, की आता मागे फिरायची सोय उरली नव्हती.

शोरूमला निघताना चंद्राबाईंनी त्याच्या हातात सुतळीची एक गुंडाळी ठेवली. दाराची चौकट असो की खाट, या घरात माप घ्यायचं ते सुतळीनंच. गुंडाळीवर जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाची चिंधी घट्ट बांधली होती.

"टोक जमिनीला लाव. पयल्या गाठीपर्यंत माजा पाय वर जातो," त्या म्हणाल्या. "आन् दुसऱ्या गाठीच्या खाली बसले, तर मला उठता येत नाय. दोनी बगून घे रं."

"त्यापेक्षा आईंनाच नेऊ या की," त्याची बायको आरोही म्हणाली.

"नुसत्या सह्या करायच्यात," स्वप्नीलने थाप मारली. खरं कारण त्याला स्वतःशीसुद्धा कबूल करवत नव्हतं. आई काचेच्या दाराबाहेर चपला काढणार, सीटवरून हात फिरवत "लई मऊ हाय गं" म्हणणार, आणि सगळे वळून बघणार. सुपरवायझर साहेबाला आईची लाज वाटत होती. एकटाच गेला.

कुंभिवलीजवळ हायवेला शोरूम होतं. अबोली नावाच्या मुलीने आधी सेडान दाखवली. मागे बसल्यावर गुडघ्यापुढे वीतभर जागा उरत होती, मांड्यांना शेवटपर्यंत आधार होता, पाठ आपोआप मागे टेकत होती. पाय तर जेमतेम उंबऱ्याएवढा उचलावा लागला. एवढं सुख असूनही स्वप्नीलला वाटलं, आपण गाडीत बसलोय हे बाहेर कोणाला कळणारसुद्धा नाही.

मग तो एसयूव्हीत चढला. सीट खुर्चीसारखी ताठ, डोक्यावर ऐसपैस जागा, समोर बॉनेट आणि त्याच्यापलीकडे सगळा हायवे. शेवटच्या रांगेत गुडघे हनुवटीला लागत होते, पण तिकडे त्याने कानाडोळा केला. त्याचा जीव पुढच्या सीटवरच जडला होता.

"मागे वयस्कर कोणी बसणार आहे का, सर?" अबोलीने विचारलं. "असेल तर एकदा आणून बसवून बघा. सेडानमध्ये चढावं लागत नाही, पण सीट खाली आहे. ह्याच्यात सीट उंच आहे, पण पायही उचलावा लागतो. गुडघेदुखी असेल तर नुसतं बघून कळत नाही."

स्वप्नीलचा हात खिशातल्या सुतळीवर गेला. शेजारच्या गाडीपाशी एक गृहस्थ फोनवर फाडफाड इंग्रजी बोलत उभे होते. त्यांच्यासमोर ह्या चकचकीत फरशीवर उकिडवं बसून सुतळी लावायची?

"आई फारशी गाडीत बसत नाही," तो म्हणाला, आणि हात रिकामाच बाहेर आला.

रविवारी एसयूव्ही दारात आली. हार घातला, नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली. आळी लोटली होती. नव्या गाडीत आधी घरातल्या थोरल्या बाईने बसायचं असतं. चंद्राबाई नवं लुगडं नेसून पुढे झाल्या, दाराला धरून त्यांनी पाय उचलला. पाय अर्ध्यावर अडकला. पुन्हा उचलला. आरोहीने काखेत हात घातला, तशा त्या कळवळल्या.

"चंद्राकाकू, शिडी आणू का गं?" शेजारची हिरू म्हणाली आणि दोघी-तिघी हसल्या.

स्वप्नीलच्या कानशिलांना आग लागली. शोरूममध्ये वाटली ती लाज ह्याच्यापुढे काहीच नव्हती.

चंद्राबाई मात्र सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "पोराचा दोष नाय. त्यानं माप नेलं व्हतं. माजीच गाठ चुकली." मग त्याच्याकडे हात केला. "आण रं ती सुतळी, बगू कुटं चुकली."

शोरूमला घातलेलीच पँट आज त्याच्या अंगात होती, आणि सुतळी अजून तिच्या खिशात होती. हरवली म्हणावं, असं एकदा त्याच्या मनात आलं. पण आई हात पसरून उभी होती. त्याने गुंडाळी काढून दिली.

हिरवी चिंधी तशीच होती. तिला चंद्राबाईंनी स्वतः मारलेली गाठ सुटलेली नव्हती. त्यांनी ती अंगठ्याने चाचपून पाहिली, एकदा मुलाकडे पाहिलं आणि गुंडाळी कमरेला खोचली.

"आई, मी..." स्वप्नील पुढे झाला.

"हां, चुकलीच हाय गाठ," त्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "जाऊ दे. आरोही, तू बस गं आदी. सुनेचा पन मान असतो."

आरोही बसली. स्वप्नीलला स्टेअरिंगवर बसावंच लागलं. त्या उंच सीटवरून सगळी आळी स्वच्छ दिसत होती. भिंतीला धरून, एकेक पायरी चढत घरात जाणारी आईही दिसत होती.