गुडघ्याखालून आलेली कॉफी

इटलीत ब्रेशाजवळ बांधकाम चाललेल्या त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, परांचीवर बसूनच आम्ही चौघे अल्बेनियन गवंडी दुपारचं जेवायचो. मक्याचा पाव, मेंढीच्या दुधाचं चीज, खारवलेल्या मिरच्या. पाव तोडायचा तो बार्धोककाकांनी, कारण टोळीत तेच मोठे. मग मी, माझा भाऊ झेफ आणि मराश. शेवटी थर्मासमधली कॉफी.

मराशच्या भावाला गावी गोळ्या घातल्या होत्या आणि मारणारा मोकळा फिरत होता. आमच्या डोंगरात सूड न घेतलेल्या माणसाला कॉफी गुडघ्याखालून देतात. तू पुरुषांत जमा नाहीस, एवढाच त्याचा अर्थ. मराशला कुणाला मारायचं नव्हतं, म्हणून तो इटलीत आला. इथं बार्धोककाका त्याचा कप स्वतः भरायचे आणि हात चांगला वर धरून द्यायचे. त्या विषयावर कुणी अवाक्षर काढत नसे.

त्या दिवशी वायरमन एर्मेस आमच्यात जेवायला बसला. तो इटालियन, तिथलाच. बायकोनं दिलेला पास्ता खाता खाता त्यानं आमच्या मिरच्यांची टिंगल केली, झेफनं त्याच्या पास्त्याला आजाऱ्याचं जेवण म्हटलं. जेवण झाल्यावर थर्मास एर्मेसनंच उघडला. तो एक गुडघा वर घेऊन बसला होता आणि मराश त्या गुडघ्यापलीकडे. एर्मेसनं आमचे कप दिले, आणि मराशचा कप उभ्या पायाखालून सरकवला.

मराशनं कप घेतला नाही.

"तुला कुणी सांगितलं?" मराशनं विचारलं.

"काय सांगायचंय? घे की बाबा, गार होतेय."

झेफ हसला. भीती वाटली की त्याला लहानपणापासून असंच हसू फुटायचं. मराशला ते ठाऊक नव्हतं; त्याला वाटलं, एर्मेसला यानंच सांगितलं.

मराशनं हातोडी उचलली. पहिला घाव झेफच्या कानावर बसला, दुसरा जबड्यावर. दात फळीवर सांडले. एर्मेस मध्ये पडला आणि त्याचं मनगट मोडलं. मी मागून मराशचा गळा आवळला, तोवर तिसरा घाव बसून गेला होता. झेफ परांचीवरून खाली सळ्यांच्या ढिगावर पडला. आम्ही उतरेपर्यंत तो गेला होता.

पोलीस यायच्या आत बार्धोककाकांनी मला बाजूला घेतलं. तोल जाऊन पडला असं सांग, म्हणाले, एर्मेसला मी बघतो. मारला म्हणालास तर सूड तुझ्यावर येईल आणि उद्यापासून गुडघ्याखालच्या कॉफीला मराशच्या जागी तू असशील. भावाचं रक्त बाहीवर ओलं असताना मी हो म्हणालो.

पोलिसाला मी तसंच सांगितलं. एर्मेस मनगट धरून खाली बघत राहिला. पोलीस लिहून घेत होता, तेवढ्यात मराश विटांवरून उठून पुढे आला. त्यानं हातसुद्धा धुतले नव्हते.

"पडला नाही. मी मारला," तो म्हणाला. "लिहा. बापाच्या नावासकट माझं पूर्ण नाव लिहा."

इटलीत आल्यापासून त्याची मान इतकी ताठ मी पाहिली नव्हती. पोलीस माझ्याकडं वळला आणि मेलेला माझा कोण लागतो, असं त्यानं विचारलं. बार्धोककाकांनी तोंड फिरवलं.

"सख्खा भाऊ," मी म्हणालो.