दाराच्या भिंगातून सोयरे

रत्नाचा नवरा अभिमन विम्याची कामं करायचा आणि उरलेल्या वेळात कॅमेऱ्याची भिंगं बनवायचा. बनवायचा कसला, जोडायचा. दुकानातली भिंगं ऐपतीबाहेरची, म्हणून या गृहस्थानं न्हाणीघराच्या पाईपाचा तुकडा कापला, त्यात मोडक्या दुर्बिणीचं भिंग बसवलं, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि मुंगीचा फोटो काढला. मुंगी रेड्याएवढी आली.

"बघ, पायावरचे केससुद्धा दिसतात," तो म्हणाला.

"मग तेल लावून द्या त्यांना," रत्ना म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

पुढे त्यानं वेल्डिंगची काच लावून पांझरेचं पाणी टिपलं. नदी, पूल, पुलावरची माणसं, सगळं शेवाळलेलं हिरवं आलं. देवपुरातल्या शेजारणींना रत्ना सांगायची, "आमच्याकडे कॅमेरा नाही, बाळ आहे. रोज नवं झबलं लागतं त्याला." शेजारणी हसायच्या. अभिमनही हसायचा, आणि तेच तिला सहन होत नसे.

मग त्यानं दाराला लावतात ते बारकं भिंग आणलं, बाहेर कोण उभं आहे ते बघायचं. डबीच्या झाकणाला भोक पाडून ते घट्ट बसवलं आणि झाकण कॅमेऱ्याच्या तोंडावर चढवलं. त्यातून अख्खी खोली एका गोल चकतीत मावायची. अभिमन दोन दिवस घरभर तरंगत होता.

त्याच आठवड्यात दोंडाईचाला रत्नाच्या भाचीचा, सोनलचा साखरपुडा होता. सोनलचे वडील जीवराम म्हणजे रत्नाचा थोरला भाऊ, बाजारपेठेतला मोठा व्यापारी. त्यांनी फोटोवाला ठरवला होता. पण सगळे सोयरे मांडवात एकत्र बसले तेव्हा तो जेवायला गेलेला. अभिमन खुर्चीवर चढला आणि दाराच्या भिंगातून धडाधड फोटो काढले. घरी परतल्यावर मोठ्या हौसेनं नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेसुद्धा.

मांडव मोसंब्यासारखा गोल दिसत होता. कडेची माणसं केळ्यासारखी वाकलेली. आणि मधोमध, अगदी पुढ्यात बसलेले जीवराम. त्यांचं नाक आधी आलं होतं, बाकीचे जीवराम मागून.

दुसऱ्या दिवशी ते धुळ्याला कामानिमित्त आले आणि थेट देवपुरात थडकले. रत्नानं चहा ठेवला.

"हाई काय शे, पाव्हना?" मोबाइल पुढे करत त्यांनी विचारलं. "बठ्ठा गाव हसी ऱ्हायना. सगळं गाव!"

अभिमननं खाली मान घातली. "भाऊ, तो प्रयोग होता."

"प्रयोग घरात करायचे. लोकांच्या मंगलकार्यात नाही." जीवराम बहिणीकडे वळले. "रत्ना, याला भंगारवाल्याकडे बसव. तिथं तरी शोभेल."

भंगार हा शब्द रत्नानं स्वतः शंभरदा वापरला होता. नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं वापरला होता. पण भावाच्या तोंडून तो आला तेव्हा तिची कानशिलं तापली.

"भाऊ, ह्यांना काय म्हणायचं ते मी म्हणते. रोज म्हणते. तुम्ही कशाला शिणता?" तिनं कप त्यांच्यासमोर ठेवला. "आणि नाकाचं म्हणाल तर ते काही ह्यांनी चिकटवलेलं नाही."

जीवराम चहा न पिता उठले. लग्नाचं बोलावणं वहिनीच्या फोनवरून आलं, आणि शेवटी वहिनी अवघडून म्हणाली, "तेवढा कॅमेरा नका आणू म्हणावं त्यांना."

लग्नाला निघताना रत्नानं तो मुद्दाम आपल्या पिशवीत साड्यांखाली घातला. मांडवात, जीवराम चार व्याह्यांत उभे असताना, तिनं तो काढून नवऱ्याच्या हातात दिला. "काढा."

"पण ते भिंगाचं झाकण घरी राहिलं."

"तसाच काढा. सरळ."

जीवराम बघत राहिले. व्याह्यांसमोर त्यांना नको म्हणता येईना. अभिमननं थरथरत्या हातांनी कॅमेरा डोळ्याला लावला, सोनलचे काढले, नवरदेवाचे काढले, शेवटी धीर करून जीवरामांचाही काढला.

परतीच्या एसटीत दोघांनी ते फोटो पाहिले. कॅमेऱ्याबरोबरच आलेल्या, कंपनीच्या सरळ, स्वच्छ भिंगातून काढलेला एकूणएक फोटो हलला होता. सोनलला दोन कपाळं होती.

"एवढी वर्षं त्या भिंगांना नावं ठेवली मी," रत्ना म्हणाली. "दोष तुमच्या हातात होता."

अभिमन पुन्हा हसला. या वेळी तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं, कारण तिलाही हसू येत होतं आणि ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं.