म्हशींनी तुडवलेला बांध

आंबेतळी हे गगनबावड्याच्या वाटेवरचं गाव. पावसाळ्यात तिथं आभाळ असं गळतं की गोठ्यातली म्हैससुद्धा वैतागते, आणि शिमगा आला की तेच गाव घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसतं. आता ह्याला काय म्हणायचं? पाणी डोंगरावरून यायचं, गावाला रामराम घालायचं आणि खाली नदीत निघून जायचं. गावाला तळं होतं की! पण त्याचा बांध मधोमध फुटलेला, सरकारनं दोनदा बुजवला आणि दोन्ही वेळा गळला. आंबेतळीत एखाद्याच्या पोटात गोष्ट राहत नसली तर त्याला लोक ‘सरकारी तळं’ म्हणायचे.

यंदा तिसरी खेप, आणि ती पडली होती प्रियदर्शनी कांबळेच्या गळ्यात. पोरगी इचलकरंजीची. बाप यंत्रमागावर, आणि मागाच्या खडखडाटात वाढल्यामुळं हिचा आवाज असा की साधं ‘चहा घेणार का’ विचारलं तरी समोरचा दचकायचा. जलसंधारण खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागून तिला वर्ष झालं होतं. खात्यानं अख्ख्या खोऱ्याचा आराखडा केला होता. एकाच ओढ्यावर एकाखाली एक अशी पाच गावांची पाच तळी, सगळी दुरुस्त करायची. पण सुरुवात सगळ्यात वरच्या आंबेतळीपासून. हा बांध तपासणीत पास झाला तर खालच्या चार गावांना मंजुरी. नापास झाला तर मार्चअखेरीला निधी परत, आणि आराखडा कोल्हापूरला शाहूपुरीतल्या हपिसात कपाटावर चढणार.

कामापुरती ती तानाबाईच्या सोप्यात राहायची. तानाबाई एकटी बाई, पंचावन्नच्या पुढची. एक म्हैस, चंद्रा, आणि दूध घालायला एक जुनी मोपेड, एवढाच तिचा संसार. पहाटे पदर खोचून ती मोपेडवर निघाली की चंद्रा दावं तोडून आवाजामागं धावायला बघायची. टँकरचं पाणी माणसांपुरतं मिळायचं. तानाबाई स्वतःच्या वाट्यातलं अर्धं चंद्राला घालायची आणि स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसायची.

“पाडव्याला व्यापारी येणार हाय तिला न्यायला,” तानाबाई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. “म्होरल्या वर्षी तळ्यात पाणी ऱ्हाणार असंल तर ह्यो उन्हाळा मी कसाबी काढंन. पर बांध पुन्यांदा गळणार असंल तर जनावराचा जीव कशाला जाळू?”

“मावशी, बांध पास होणार. चंद्रा कुठं जाणार न्हाय. शब्द देते,” प्रियदर्शनी म्हणाली.

शब्द द्यायला काय जातंय? तोंड उघडलं की झालं.

बांधाचं सगळं गणित मातीत होतं. फुटलेल्या जागी काळी चिकण माती थराथरानं पसरायची, त्यावर पाणी मारायचं आणि काटेरी रोलरनं दाबून दाबून दगडासारखी करायची. आधीच्या दोन खेपांना नेमकी हीच दाबणी कुणी धड केली नव्हती. माती आली, टँकर आला, जेसीबी आला. रोलर तेवढा घाटात गिअर तुटून बसला, आणि ड्रायव्हर फोनवर म्हणाला, “मॅडम, उद्या रंगपंचमी. मेस्त्री परवा भेटंल.”

आता परवा सकाळीच तपासणीला शिंत्रेसाहेब येणार होते. यंदा रंगपंचमी आणि मार्च एंड एकमेकांच्या मानगुटीवर बसले होते. प्रियदर्शनीनं अर्ध्या जिल्ह्याला फोन केले. रोलर मिळेना. शेवटी नुसतं बसवेना म्हणून तिनं मातीचा पहिला थर पसरून घेतला, कड दिसावी म्हणून दोन्ही बाजूंनी फक्कीच्या सरळ पांढऱ्या रेषा मारल्या, दोन्ही टोकांना झेंड्या लावलेल्या काठ्या रोवल्या आणि रडकुंडीला येऊन झोपली.

सकाळी ती जागी झाली ती आवाजानं. सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकली, हलगी, शिट्ट्या, आणि ह्या सगळ्याच्या वर म्हशींचं हंबरणं. चपला न घालताच ती तळ्याकडं पळाली.

बांधाच्या एका टोकाला म्हशीच म्हशी. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, पाठीवर कातरून काढलेली नक्षी. पुढं सरपंच कृष्णात बुलेटवर, डोक्याला फेटा, हातात हार. तिला बघताच तो उतरला आणि हार थेट तिच्या गळ्यात.

“मॅडम, नाद खुळा! मानलं तुमास्नी!”

“अहो, झालंय काय?”

“काय झालंय म्हंजे? रंगपंचमीला म्हशी पळवायचा आमचा रिवाज. मैदानात ऊस लागला आणि शर्यत बंद पडली. आज सरकारनं आपणहून पट्टा आखून दिला! फक्की काय, झेंड्या काय, खाली मऊ माती काय! म्हशीच्या पायाला खडा न्हाय लागायचा. मी रातीच खालच्या चारी गावास्नी मेसेज टाकला.”

“अहो सरपंच, तो पट्टा न्हाय! तो बांध हाय!”

“बांध हाय ते दिसतंय की. पर बांधाला कुणी झेंड्या लावतंय व्हय?”

पुढं ती काय बोलली ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही. इचलकरंजीचा आवाजसुद्धा कमी पडला. हलगी कडाडली, दोन बुलेटी सुटल्या आणि मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून दोन म्हशी शेपट्या वर करून तिच्या थरावरून धाडधाड गेल्या. मागून आणखी दोन. मग आणखी दोन. जेसीबीवाला जेसीबीच्या टपावर चढून नाचत होता. प्रियदर्शनी बांधाच्या कडेला मटकन बसली आणि डोक्याला हात लावला. गेलं! चंद्रा गेली, पाच तळी गेली, आणि नोकरीचंही काही खरं नाही!

डोकं खाली होतं म्हणून नजर मातीवर गेली.

पहिल्या म्हशीचा पाय घोट्यापर्यंत रुतला होता. नंतरच्या म्हशींचे खूर त्याच्या निम्मे. आणि आत्ता जी म्हैस गेली तिच्या खुराची नुसती कड उमटली होती. प्रियदर्शनीनं बोट खुपसून बघितलं. बोट जाईना. टाच आपटली, टाच दुखली. तिच्या पोटातून हसू वर यायला लागलं. कॉलेजात शिकवलं होतं की, काटेरी रोलर मुळात निघालाच जनावरांच्या पायांवरून! मेंढरांच्या खुरांनी रस्ता घट्ट बसतो हे बघून कुणीतरी लोखंडाचा केला. आणि इथं तर अस्सल माल, चारचार पायांचा, शिंगं रंगवून हजर!

ती टँकरवर चढली आणि हलगीवाल्यावर ओरडली, “थांब!”

सगळी माणसं गप्प झाली. आता सरकार शर्यत बंद करणार, असं प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं.

“एवढ्यात दमलासा?” प्रियदर्शनी म्हणाली. “ही नुसती प्राथमिक फेरी झाली! आता दुसरा थर पडंल, मग दुसरी फेरी. काठी लावायची न्हाय, गाभण म्हैस आणायची न्हाय, आणि फक्कीच्या बाहेर पाय पडला की बाद!”

असा गलका उठला की झाडावरचे बगळे उडाले.

मग काय विचारता! जेसीबी माती पसरायचा, टँकर पाणी मारायचा आणि म्हशी पळायच्या. दुसऱ्या थराला पोरांनी टँकरमध्ये गुलाबी रंग ओतला. ते पाणी मातीवरच पडायचं होतं, मग कुणाची ना? तिसऱ्याला हिरवा, चौथ्याला पिवळा. बांध रंगला, म्हशी रंगल्या, प्रियदर्शनी नखशिखांत गुलाबी झाली. मधली माती बसली की ती ओरडायची, “आता डाव्या कडेनं!” आणि डावीकडची बसली की, “आता उजव्या!” लोकांना वाटलं, सरकारी शर्यतीचे नियमच असे असतात.

दुपार कलली तसा कृष्णात घाम पुसत आला. “मॅडम, फायनल कवा?”

“आधी सेमीफायनल.”

“झाली की ती.”

“ती खुल्या गटाची. दुभत्या म्हशींची राहिली.”

“तीबी झाली. जेवायच्या आधी.”

“मग खालच्या गावांची वेगळी घेऊ.”

कृष्णातनं डोळे बारीक केले. तो बांधाकडं बघत राहिला, मग वाकला आणि मूठ आपटली. मूठ चोळत तो हळूहळू उभा राहिला.

“मॅडम,” तो म्हणाला, “तुमी सकाळधरनं आमच्या म्हशींचा रोलर केलासा न्हवं?”

“व्हय सरपंच,” प्रियदर्शनी म्हणाली. “रोलर घाटात पडलाय. उद्या सकाळी तपासणी. तुम्ही आत्ता म्हशी नेल्या, तर वरचे थर कच्चे राहणार आणि सगळंच बुडणार.”

कृष्णात टँकरवर चढला. “ऐका रं!” त्यानं आरोळी दिली. “ही शर्यत न्हवं! ह्यो आपल्या तळ्याचा बांध हाय, आणि मॅडमनी आपल्याला दिवसभर गंडीवलंय! खालच्या गावानूं, ह्यो टिकला तर म्होरल्या वर्षी तुमची तळी हुणार. आता बोला, म्हशी घराकडं न्यायच्या का बांध वरपतोर न्यायचा?”

मग मागून तानाबाई ओरडली, “बोलताय काय! हलगी वाजवा की!”

शेवटचा थर पडला तेव्हा उन्हं उतरली होती. आणि लोक काही झालं तरी कोल्हापूरकडचे, फायनल घेतल्याशिवाय सोडतील व्हय? कृष्णातची म्हैस आणि तानाबाईची चंद्रा. तानाबाई मोपेडवर, पदर खोचून, तोंडाला पिवळा रंग. सुटल्या! निम्म्या वाटेत चंद्रा पुढं. काटा किर्र! लोक बेंबीच्या देठापासून ओरडायला लागले. झेंडी हाताच्या अंतरावर आली आणि चंद्रा जागच्या जागी थांबली.

टँकरच्या पाइपातून पाणी ठिबकत होतं. चंद्रानं मान वळवली, जीभ लावली आणि प्यायला लागली. थेंब थेंब, डोळे मिटून. कृष्णातची म्हैस शेजारून निघून गेली. लोक आधी हसले, मग हळूहळू हसायचे थांबले.

“आरं, हाका की तिला पुढं!” कुणीतरी ओरडलं.

“ऱ्हाऊ दे,” तानाबाई मोपेडवरून मागं बघत म्हणाली. “तान्हेली हाय ती. पिऊ दे.”

प्रियदर्शनीनं तोंड फिरवलं. गुलाबी गालांवरून पाणी आलं, तर ते कुणाला दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी शिंत्रेसाहेब आले. माणूस असा की हसला तर पगार कापला जाईल. त्यांनी बांधात लोखंडी नळी ठोकली आणि मातीचा नमुना वर काढला. खाली काळा, वर गुलाबी, मग हिरवा, मग पिवळा. हलवायाच्या दुकानातली बर्फीच! साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“हे काय आहे?”

“थर, साहेब.”

साहेबांनी तिच्या गुलाबी केसांकडं बघितलं. नमुना तोलला, वाळवला, तपासला. दुसऱ्या जागी नळी ठोकली. तिसऱ्या जागी तर ठोकताना नळीच वाकली. बांधाखाली अख्खं गाव श्वास रोखून उभं होतं.

“रोलर कुठला वापरलात?”

खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. “म्हशी, साहेब.”

“काय?”

“म्हशी पळवल्या. पाच गावांच्या. दिवसभर.”

साहेबांनी वाकलेली नळी हातात घेऊन बघितली. मग त्यांच्या मिशा हलल्या, खांदे हलले आणि तो माणूस बांधावर उकिडवा बसून पोट धरधरून हसला. “कांबळे,” डोळे पुसत ते म्हणाले, “हा बांध पास आहे. खालच्या चार बांधांनाही ह्याच म्हशी बोलवा.”

कृष्णातनं तिथल्या तिथं साहेबांना फेटा बांधला. गंगेत घोडं न्हालं! पाडव्याला व्यापारी आला, तानाबाईनं त्याला चहा पाजला आणि रिकाम्या दाव्यानं परत पाठवला.

वर्ष गेलं. पुन्हा रंगपंचमी आली. खालच्या चारी गावांत माती पडली होती, फक्की मारली होती, आणि शर्यतीची सुरुवात मानानं आंबेतळीच्या काठावरून व्हायची होती. प्रियदर्शनी पोचली तर हलगी थंड, माणसं कमरेवर हात देऊन उभी आणि कृष्णात बुलेटचा कान पिळून पिळून लालबुंद झालेला. म्हैस एकही जागेवर नाही.

सगळ्या तळ्यात होत्या. रंगवलेली शिंगं आणि नाकपुड्या तेवढ्या वर, बाकी सगळं पाण्यात. तळं ह्या काठापासून त्या काठापर्यंत उन्हात चमकत होतं, आणि बांधाखाली एक ओला डागसुद्धा नव्हता.

तानाबाई काठावर मोपेड सुरू करून उभी होती. तिनं एकदा हॉर्न वाजवला. चंद्रानं एक कान हलवला आणि आणखी खोल बसली.

“मावशी, शर्यत हाय की!” प्रियदर्शनी म्हणाली. “बोलवा तिला.”

तानाबाई चंद्राकडं बघत राहिली. हसत होती आणि डोळे भरलेले होते.

“गेल्या साली घोटभर पाण्यासाठी हरली माझी बाय,” ती म्हणाली. “आता बसू दे, तिला पायजेल तेवढी.”

आणि तिनं मोपेड बंद केली.