काथवट एकीची, झाकण दुसऱ्याचं

मी एक जुनी काथवट आहे, आणि माझ्या पोटात चांदीचे चमचे कधीच नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण मला बघायला येणारा प्रत्येक जण अजूनही आधी माझ्या तळावर बोटाने टकटक करतो.

मित्रांनो, काथवट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर परातीसारखं काहीतरी येईल. मी तशी नाही. मी पाळण्याएवढी लांब, चार पायांची आणि झाकणाची. अमेरिकेतल्या कनेक्टिकट नदीकाठच्या अझेल पेल्टन नावाच्या शेतकऱ्याने मला पाइनच्या फळ्यांतून घडवलं. त्याचं दुसरं लग्न झालं त्या वर्षी, नव्या बायकोसाठी, म्हणजे माझ्या केझियाबाईंसाठी.

केझियाबाई माहेराहून एक मातीचं बोळकं घेऊन आल्या होत्या. त्यात खमीर होतं, आंबवलेल्या पिठाचा जिवंत गोळा. ते बोळकं उबदार फडक्यात गुंडाळून त्या माझ्या कोपऱ्यात ठेवत. दर शनिवारी राय नावाच्या धान्याचं आणि मक्याचं पीठ माझ्यात मळलं जाई, रात्रभर झाकणाखाली फुगे आणि सकाळी भट्टीत जाई. गार वारा लागला की पीठ बसतं, म्हणून माझं झाकण त्या कोणाला उघडू देत नसत. कारण एवढंच. पण लोकांना साधं कारण कधी पुरत नाही.

अझेलराव स्वभावाने संशयी. कुंपणाचा खांब जरा कलला तरी आधी शेजाऱ्याकडे बघणार. इंग्रजांच्या राजाशी लढाई चालू होती तेव्हा एका रविवारी सैनिक येणार अशी आवई उठली. घरचे सगळे प्रार्थनेला गेले होते. अझेलरावांनी मला बाजूला सारलं, पहारीने चुलीपुढचा मोठा दगड उचलला आणि पहिल्या बायकोचे सहा चांदीचे चमचे लोकरीत गुंडाळून खाली ठेवले. मग मला होती तिथे, पुढचे दोन पाय त्या दगडावर, अशी उभी केली. सैनिक आलेच नाहीत. चमचे मात्र तिथेच राहिले. बायकोला सांगावं तर ती दुसरी, मुलाला सांगावं तर तो तरुण. म्हणून कोणालाच सांगितलं नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी, सफरचंदं उतरवताना, त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. तीन दिवस ते खाटेवरून माझ्याकडे बोट दाखवत राहिले. केझियाबाईंना वाटलं, पाव मागतायत. त्या दुधात पाव कुस्करून भरवायच्या, ते तोंड फिरवायचे आणि पुन्हा बोट करायचे. दारात त्यांचा मुलगा जेरेड उभा होता. तो ते बोट बघत होता, आणि मग माझ्याकडे.

जेरेड पहिल्या बायकोचा. केझियाबाईंना तो 'नवी आई' म्हणायचा. वीस वर्षं झाली, तरी त्या नव्याच!

चौथ्या दिवशी अझेलराव गेले. मृत्युपत्र नव्हतं. तिकडच्या रीतीप्रमाणे विधवेला जिवंत असेपर्यंत तिसरा हिस्सा, बाकी मुलाचं. शेजारचे तिघे पंच खडू आणि दोरी घेऊन आले. पुढारी होते ओबेडकाका. पूर्वेची खोली विधवेची. तळघर अर्धं. विहिरीवर जायला वाट, शनिवारी भट्टी. स्वयंपाकघराची रेघ चुलीच्या मधोमध निघाली, दगडावरून खाली आली आणि थेट माझ्या पोटाखालून गेली. माझे दोन पाय विधवेच्या घरात, दोन मुलाच्या.

"मधोमध आहे, तर मधोमध कापा," जेरेड म्हणाला.

"कापून काय, डुकरांना दोन डोण्या करणार?" ओबेडकाका म्हणाले. "त्यापेक्षा काथवट नव्या आईला, झाकण तुला. लिहा रे!"

आणि खरोखर तसंच लिहिलं, मित्रांनो.

मग यादी करताना चमचे निघाले नाहीत. जेरेडची बायको टॅमसिन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सासूबाईंनी हिचं झाकण आजवर कोणाला उघडू दिलंय का? आणि मामंजी मरताना बोट कुठे करत होते?"

सगळे माझ्याकडे वळले. माझा तळ ठोकला, पाय हलवून पाहिले, फळी दुहेरी आहे का म्हणून सुरी घातली. टॅमसिनने बोळक्यात मनगटापर्यंत हात खुपसला.

"सापडले?" केझियाबाईंनी विचारलं.

"शी! नुसतं चिकट!" तिने हात पुसला आणि विहिरीवर जाऊन घासून धुतला. महिन्याभरात त्याच खमिराची तिला गरज पडणार होती, पण ते पंचांच्या यादीत नव्हतं.

"चमचे द्या आणि झाकण न्या," असं सांगून जेरेड झाकण घेऊन गेला आणि त्याने ते आपल्या बाजूला जाळाशेजारी उभं केलं.

तो हिवाळा मला आठवतो. केझियाबाई माझ्यावर आपली शाल पांघरत आणि स्वतः कुडकुडत. तरी पीठ बसायचं. पाव विटेसारखे निघायचे. शनिवारी त्या भट्टीकडे जाताना टॅमसिन त्यांची पावलं बघायची, वाटेबाहेर पडतात का म्हणून. टॅमसिनकडे झाकण होतं, खमीर नव्हतं. तिच्याही विटाच. जेरेड वाट बघत होता की ही बाई कंटाळून भावाकडे जाईल. केझियाबाईंनी दोनदा बोळकं बासनात बांधलं आणि दोनदा सोडलं. तिसऱ्यांदा बांधलं तेव्हा मीही समजून चुकले की आता त्या जाणार.

पण एक गोष्ट पंचांच्याही ध्यानात आली नव्हती. चूल एकच होती आणि जाळ दोन झाले होते. एका बाजूला पहाटे पेटायचा, दुसऱ्या बाजूला दुपारी. कोणी कोणाच्या निखाऱ्याला हात लावत नसे. दगड अर्धा तापायचा आणि अर्धा गारठायचा. फेब्रुवारीत एका सकाळी मोठा आवाज झाला आणि दगड तडकला. कुठे म्हणाल? खडूच्या रेघेवर.

दगड दोघांचा, म्हणून पंच बोलावले. मला सरकवलं. पहार घातली. खाली लोकरीचं काळवंडलेलं गाठोडं होतं. जेरेडने ते सोडलं. सहाच्या सहा.

"आता ह्यांच्यावर रेघ कुठून मारू?" ओबेडकाकांनी विचारलं.

"बाबा दगड दाखवत होते," जेरेड पुटपुटला.

"आणि मी त्यांना पाव भरवत होते," केझियाबाई म्हणाल्या. मग त्या गाठोड्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्या आईचे आहेत. ठेव नीट."

दुसऱ्या दिवशी जेरेड झाकण घेऊन आला. त्याने ते माझ्यावर ठेवलं, दाबलं, फिरवून पुन्हा दाबलं. हिवाळाभर जाळाशी उभं राहून ते वाकलं होतं. एका कडेला बोटभर फट राहिली. त्याने रंधा काढला, तेव्हा केझियाबाई म्हणाल्या, "राहू दे. शाल घालीन तेवढ्यापुरती."

तेवढ्यात टॅमसिन वाडगा घेऊन रेघेशी आली. "सासूबाई, थोडं खमीर..."

"अगं, रेघ ओलांडून ये. तिथून हात पुरायचा नाही."

बासन त्यांनी सोडलं. उरलेलं आयुष्य त्या त्याच घरात राहिल्या. खमिराचा अर्धा गोळा गेला आणि रविवारपर्यंत बोळकं पुन्हा भरलं. साऱ्या इस्टेटीत वाटून न घटणारी चीज तेवढी एकच होती.

आता माझ्यात कोंबड्यांचा दाणा असतो. माझी तक्रार नाही. फक्त, मित्रांनो, तुमच्या घरात एखादी म्हातारी काथवट असेल तर तिला उकळत्या पाण्याने धुऊ नका आणि तिचं झाकण जाळाशी उभं करू नका. आत काय आहे असा संशय आलाच, तर आधी विचारा. झाकण मला परत मिळालं, पण ते पूर्वीसारखं कधीच बसलं नाही. त्या फटीतून येणारा वारा मला अजून लागतो.