म्हशीच्या घमेल्यातला कोंडा

लढाईच्या दिवसांत कर्जतला भाताची गिरणी सुरू झाली आणि कळंबच्या आबाजीचे पाय जमिनीला टेकेनात. गिरणीतून आणलेला त्याचा तांदूळ इतका पांढरा, की अंगणात वाळत घातला तर बगळे आपले कुणी सोयरे आले म्हणून उतरायचे! घरातलं कांडण बंद झालं, नाचणीची भाकरी बंद झाली. "लाल भात खावा गड्यामाणसांनी," आबाजी पारावर बसून सांगायचा. भात वेळून काढलेली पेज आणि गिरणीतला कोंडा सगळा म्हशीपुढे जायचा.

म्हैस अशी फुगली, की गोठ्यातून निघताना दाराची चौकट गळ्यात अडकवूनच निघायची. आणि आबाजीची चौदा वर्षांची लेक विमल मात्र वाळत चालली. पाय जड, पोटऱ्यांत मुंग्या, हंडा आणताना धाप.

"पोरीचं वाढीचं वय हाय," तिची आई आनंदीबाई म्हणाली. "जरा नाचणी, जरा पालेभाजी करू द्या."

"आन लोक काय म्हणतील? आबाजीकडचे दाणे सरले!" म्हणत आबाजीने लेकीवरून मीठमिरच्या ओवाळून टाकल्या.

त्याच सुमारास म्हशीचं पेज-कोंड्याचं आंबोण रोज थोडं कमी भरू लागलं. आबाजीने भर पारावर शेजाऱ्याला गाठलं. "येश्या, माझा कोंडा कुठं जातो ते ठावं हाय मला!"

येसाजी भडकला. "मी चोर हाय ते दाखव, मी मिशी उतरवतो. नाय दावलास, तर तू उतरव!"

झालं! दुपारी दोघं, आणि गंमत बघायला अर्धं गाव, गोठ्यामागच्या पेंढ्याआड दबा धरून बसलं.

दार करकरलं. भिंतीचा आधार घेत विमल आत आली. घमेल्याशी उकिडवी बसली आणि पेजेत कालवलेला कोंडा मुठीमुठीने तोंडात कोंबू लागली. म्हशीनेही मान जरा बाजूला घेतली.

"विमे! गुराचं खातीस?"

पोर दचकून उठली. ओठांना कोंडा चिकटलेला. "बा, मारू नको. पांढऱ्या भातानं पोट भरतं, पण पाय उचलत नाय. ह्यानं वाईच बरं वाटतं."

कुणीच हसलं नाही. हसले असते तर आबाजीला सोपं गेलं असतं. येसाजी मिशीबद्दल चकार शब्द न काढता उठला. "चला रं, हितं काय तमाशा हाय?" म्हणत त्याने गाव हाकललं. आबाजीला वाटलं, त्यापेक्षा त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं.

दिवेलागणीपूर्वी आबाजी रिकामं सूप घेऊन येसाजीच्या दारात उभा राहिला. येसाजीची बायको भागूबाई अंगणातच होती.

"हातसडीचा तांदूळ द्या, कोंड्यासकटचा. आन नाचणी."

"उजेडात आलात? मला वाटलं, परसदारानं याल."

"चोर म्हणालो ते उजेडातच म्हणालो होतो, वहिनी." त्याची मान वर झाली नाही.

पुढे विमल भरला हंडा कमरेवर घेऊन चढण चढू लागली. कोंडाणे गावाहून आलेल्या पाहुण्याने ते बघून विचारलं, "आबाजी, औषध कुणाचं?"

मुंबईच्या बड्या डॉक्टरचं नाव आबाजीच्या अगदी ओठावर आलं होतं. विमल समोरच उभी होती.

"औषध कसलं? म्हशीच्या तोंडचं काढून दिलं," तो पुटपुटला.

पाहुणा पोट धरून हसला. आबाजी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.