जाळीवरची चुनरी

"यंत्र कधीही खोटं बोलत नाही. माणसं बोलतात," असं निवृत्त विंग कमांडर विजयकुमार मोघे यांनी जाहीर केलं आणि गाडीचा एसी पूर्ण जोरावर सोडला. एसीने सुस्कारा टाकला आणि कडुनिंबाचं एक वाळकं पान त्यांच्या मिशीवर आणून बसवलं. पाठोपाठ आलेली हवा चंडीगडच्या जुलै महिन्याचीच होती, फक्त जरा शिळी.

"खरं बोललं बिचारं," शेजारच्या सीटवरून स्मिताताई म्हणाल्या आणि पदराने मान पुसली.

मोघ्यांनी उभी हयात हवाई दलाची विमानं दुरुस्त करण्यात घालवली होती. निवृत्त झाले ते चंडीगडलाच राहिले, आणि त्याच वर्षी घेतलेली ही पांढरी गाडी म्हणजे त्यांचं शेवटचं विमान. ते ती अजूनही दारात लावत नसत, 'उतरवत' असत. आता मात्र मोहालीत आयटीत असलेला त्यांचा पुतण्या प्रतीक तिला गिऱ्हाईक घेऊन आला होता. "एकदम पक्का माणूस आहे काका, आणि त्याला एसी लागतच नाही यार. काचा उघड्या ठेवून कोंबड्या नेणार आहे तो."

कोंबड्या मोघ्यांच्या जिव्हारी लागल्या. शेवटी स्मिताताईंनी तह घडवून आणला. आज पंचकुल्याला यमुनावहिनींकडे आखाड तळायचा बेत होता. "तिथवर मी घाम न येता पोचले, तर गाडी राहील. नाहीतर कोंबड्या."

आठवडाभर मोघ्यांनी शोधमोहीम चालवली होती. त्यांनी फिल्टर धुतला, पट्टा बदलला, मग बलविंदर मिस्त्रीकडून गॅसही भरून घेतला. बलविंदरने पाइपांना हात लावून पाहिला, मान हलवली आणि पुढची जाळी उघडायला पाना उचलला. तिथेच तो थबकला. जाळीतून जरीची एक लाल पट्टी लोंबत होती. त्याने दोन्ही कानांना हात लावला.

"मातारानी की चुन्नी है जी. इसको मैं नहीं छेड़ता."

मोघ्यांनीही टोपी काढली. मनसादेवीला जाऊन आल्यावर बायकोने देवीची चुनरी गाडीला बांधली असणार, इकडे बांधतात तशी. ते स्वतः विज्ञानवादी. पण बायकोच्या श्रद्धेत आणि दुसऱ्याच्या कॉकपिटमध्ये हात घालू नये, एवढं शहाणपण त्यांना संसाराने दिलं होतं.

तर आज गाडी निघाली. मोकळ्या रस्त्यावर एसीने जरा बरी झुळूक दिली. मोघे सूचक खाकरले. सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडजवळ सिग्नल लागला आणि झुळकेची वाफ झाली.

"धावली की गार, थांबली की गरम," मोघे पुटपुटले. "म्हणजे याचा अर्थ..."

"म्हणजे प्रतीकला फोन," म्हणत स्मिताताईंनी पर्समधून फोन काढला.

"अगं, एक मिनिट! शेवटची तपासणी!" मोघ्यांनी सिग्नल ओलांडून गाडी झाडाखाली घेतली. स्मिताताई खाली उतरल्या आणि फोन कानाला लावून, रुमालाने वारा घेत गाडीपुढे उभ्या राहिल्या. तिकडे रिंग वाजत होती.

"अहो, ही चुनरी कुठली आणलीत?"

"मी? तूच बांधलीस ना, मनसादेवीहून आल्यावर?"

"मी कशाला बांधू? मला वाटलं, तुमच्या हवाई दलाचं काहीतरी असेल. तुमच्या वस्तूंना हात लावला की तासभर भाषण ऐकावं लागतं." त्या चष्मा सावरत वाकल्या. "हा तर माझ्या लाल साडीचा काठ आहे! संक्रांतीपासून शोधतेय मी ती साडी."

भर जुलैत मोघ्यांच्या डोळ्यांपुढे जानेवारीचं धुकं दाटून आलं. त्या थंडीत इंजिन लवकर तापावं म्हणून त्यांनी जाळीमागे पुठ्ठा बसवला होता. इकडचे ट्रकवालेही बसवतात. पण ट्रकवाले हवाई दलात नसतात. विमानावर झाकण घातलं की त्याला लाल पट्टी लावायची, म्हणजे काढायला कोणी विसरत नाही. मोघ्यांनी ती शिस्तीत लावली होती.

त्यांनी बॉनेट वर केलं आणि जाळीमागच्या फटीतून पट्टी ओढली. पट्टीमागून पुठ्ठा आला; मापात कापलेला, काळा रंगवलेला. त्याच्यामागे सहा महिने एसीचा श्वास कोंडला होता. पुठ्ठ्यावर पांढऱ्या, वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, 'उड्डाणापूर्वी काढावे'. खाली सही.

"सही कोणाची हो?"

"नीट लागत नाही," मोघे म्हणाले.

"यंत्र कधीही खोटं बोलत नाही," स्मिताताई म्हणाल्या.

"हॅलो काकू? बोला ना," फोनमधून प्रतीक म्हणाला.

"काही नाही रे. कोंबड्यांना म्हणावं, चालत जा."

पुढचा प्रवास हिमालयात झाला. प्रत्येक सिग्नलला एसी आणखी गार होत गेला, आणि मोघेही मोकळे झाले. "लक्षात घे स्मिता, पद्धतीत काहीच चूक नव्हती. खूण चोख होती, ठळक होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. एका तज्ज्ञ मिस्त्रीने तिला नमस्कार केला. आता यापेक्षा जास्त मान कोणत्या तांत्रिक सूचनेला मिळालाय? ही पट्टी मी काचेच्या चौकटीत घालणार, दिवाणखान्यात, माझ्या पदकांशेजारी. खाली दोन ओळी लिहिणार..."

यमुनावहिनींच्या दारात त्यांनी गाडी अलगद उतरवली. स्मिताताई कोरड्या ठणठणीत बाहेर पडल्या, दमट हवेत दोन पावलं चालल्या आणि फाटकापाशी आंधळ्यासारख्या हात पुढे करून उभ्या राहिल्या.

"लावा हं चौकटीत. पण आधी ती पट्टी जरा इकडे द्या. चष्म्यावर वाफ धरलीय, पायरी दिसत नाहीये."