केरन डोंगरातली ओवी

काळ्या दगडाचे, शंभरीच्या घरात आलेले मी एक जाते आहे, मित्रांनो. शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यात, श्रीमंतआबांच्या ओसरीच्या कोपऱ्यात माझी जागा आहे.

मला पाथरवटाने घडवले आणि आबांचे वडील व्यंकट यांनी बैलगाडीतून घरी आणले. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले होते. त्यांची बायको सरजाबाई पंधरा-सोळा वर्षांची. पहाटे ती ज्वारी दळायला बसे आणि माझ्या घरघरीवर ओव्या म्हणे.

पुढे व्यंकट कामाच्या शोधात बार्शीला गेला आणि तिथे पलटणीत भरती झाला. दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. एकदा तो रजेवर येऊन गेला, मग बोटीने समुद्रापार गेला. सरजाबाईला तेव्हा दिवस गेले होते. श्रीमंत जन्मला, पण बापाने त्याला पाहिले नाही. बाळ तीन महिन्यांचे असताना पत्र आले. गावात वाचणारे कुणी नव्हते, म्हणून शिरूरहून मास्तरांना बोलावले. व्यंकट केरन नावाच्या ठिकाणी, डोंगरावरच्या लढाईत मारला गेला, असे त्यांनी वाचले. सरजाबाई रडली नाही. ती एवढेच म्हणाली, "त्या जागंचं नाव पुन्यांदा सांगा."

तीन वेळा तिने ते नाव ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी एक नवी ओवी ऐकली:

केरन डोंगरात, दिस बुडाला दुपारी
माझ्या बाळाचा गं बाप, हुबा तिथं पहाऱ्यावरी

काही वर्षांनी रझाकारीच्या धामधुमीत सारे गाव पळाले. मला कोण उचलणार? मी तिथेच राहिले. घर जळाले, त्यात ते पत्रही गेले. गाव परतल्यावर लोक बोलू लागले. व्यंकट मेला नाही, पलटणीतून पळाला, तिकडेच दुसरे घर करून बसला. केरन नावाचे गाव तर कुणी ऐकलेच नव्हते. पोरे श्रीमंतला 'पळपुट्याचा' म्हणून चिडवत. तो आईला विचारी आणि आई ती ओवी म्हणून दाखवी. मोठा झाल्यावर त्याने विचारणे सोडले. बापाचे नाव त्याने पुन्हा घरात काढले नाही.

मग त्याची बायको धोंडाबाई घरात आली. सरजाबाईने तिला माझ्यासमोर बसवून ओवी शिकवली. धोंडाबाई कधी 'किरण' म्हणे, कधी 'केरळ'. सासू लगेच हात थांबवी. एकदा धोंडाबाईने विचारले, "आत्याबाई, हे केरन हाय तरी कुठं?"

"मला न्हाई ठावं," सरजाबाई म्हणाली. "पर तू शब्द बदलू नको."

मित्रांनो, मी दगड असून झिजले. पण त्या बायकांच्या तोंडी त्या शब्दाची मात्रासुद्धा झिजली नाही. मला अजूनही त्याचे नवल वाटते.

गावात पिठाची गिरणी आली आणि मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. सरजाबाई वारली.

या वर्षी आबांच्या नातवाचे, सत्यमचे लग्न ठरले. हळद जात्यावरच दळायची, म्हणून मला धुऊनपुसून अंगणात मांडले. धोंडाबाईसमोर सत्यमची बहीण साक्षी बसली. ती लातूरला शिकते. आजीने ती ओवी म्हटली, तेव्हा साक्षीने केरन म्हणजे काय ते विचारले. आजीने सासूचे उत्तर दिले. साक्षीने हळदीचा हात पदराला पुसला आणि मोबाईल काढला.

थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "आजी, केरन हाय. आफ्रिकेत. सगळीकडून डोंगर हायेत."

मग तिला तिथल्या युद्धस्मारकाच्या नोंदवहीत लढाईत पडलेल्या शिपायांची यादी सापडली. ती बोटाने नावे सरकवत राहिली आणि एका नावाशी थांबली. तिने मोठ्याने वाचले, "शिपाई व्यंकट. वय तेवीस. सरजाबाईचा नवरा. मुक्काम शिरूर, हैदराबाद संस्थान."

धोंडाबाईने माझा खुंटा सोडला. सरजाबाईने जन्मात समुद्र पाहिला नव्हता आणि तिचे नाव कित्येक वर्षे समुद्रापार लिहिलेले होते.

बाजेवरून आबा उठले. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी साक्षीला पुन्हा वाचायला लावले. वय किती, ते दोनदा विचारले. मग त्यांनी मुंडावळ्या बांधून पाहणाऱ्या सत्यमकडे बराच वेळ पाहिले.

"माझा बाप आपल्या सत्यमएवढा व्हता गं," ते म्हणाले. "लेकरूच की."

आणि म्हातारे आबा, बाप आपल्या मुलासाठी रडतो तसे, आपल्या बापासाठी रडले. सत्यमने त्यांना धरून माझ्या शेजारी बसवले.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. घरातली म्हातारी माणसे एखादा न कळणारा शब्द बोलली, तर हसून सोडून देऊ नका. जसा ऐकला तसा जपा. अर्थ शोधणारे कुणीतरी मागाहून येते. तोवर शब्द जिवंत राहिला पाहिजे.